वऱ्हाडाचे गहाणखत

एकाच माणसाच्या हातची दोन पत्रे समोर ठेवून ही हकिकत सांगायची आहे. दोन्ही हैदराबादेतून लिहिलेली, मध्ये सात वर्षांचे अंतर.

पहिले १४ मे १८५३ चे. लिहिणारा मेजर कथबर्ट डेव्हिडसन, हैदराबादेतल्या ब्रिटिश रेसिडेंटचा असिस्टंट. ज्याला लिहिले तो निजामाचा दिवाण सिराज-उल-मुल्क. मजकूर असा, की वाटाघाटी संपल्या हे सांगायला रेसिडेंटसाहेब आज संध्याकाळी तुम्हाला बोलावणार आहेत आणि आजच्याच टपालाने फौज हलवण्याविषयी गव्हर्नर-जनरलना लिहिले जाणार आहे. शिवाय पुण्याहून एका नातलगाचे पत्र आले आहे, ७८ वी हायलँडर्स आणि ८६ वी या गोऱ्या पलटणींना हैदराबादेवर कूच करायला तयार राहण्याचे हुकूम सुटले आहेत. पत्र सरकारी म्हणावे तर त्यात नातलगाचा हवाला, खासगी म्हणावे तर पलटणींचे नंबर. वसुलीवर निघालेल्या माणसाला हा सूर नेमका साधतो. उद्या कोणी विचारलेच तर धमकी दिली नव्हती, बातमी कळवली होती, असे म्हणायला जागा राहते.

दुसरे पत्र १२ ऑक्टोबर १८६० चे. डेव्हिडसन आता कर्नल झाला आहे आणि स्वतःच रेसिडेंट आहे. पत्र जाते आहे कलकत्त्याच्या सरकारला. त्यात तो लिहितो, की दोन्ही सरकारांची परस्परांकडची देणीघेणी निःपक्षपातीपणे तपासली गेली असती, तर निजामाकडे काढलेल्या ४३ लाख कंपनी रुपयांवर आपला न्याय्य दावा उरलाच नसता. हे मत आपले पहिल्यापासूनचे आहे, असेही तो सांगतो. ‘पहिल्यापासून’ या शब्दावर थोडे थांबायला हवे. म्हणजे मे १८५३ मध्येही, पलटणींची बातमी कळवताना, हे त्याला ठाऊक असणार.

या दोन पत्रांच्या मधोमध २१ मे १८५३ चा तह आहे. त्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूरचा दुआब, मिळून दरसाल सुमारे ५० लाखांचे उत्पन्न, रेसिडेंटच्या कारभाराखाली गेले. मालकी निजामाची आणि ताबा ईस्ट इंडिया कंपनीचा. मुलखाच्या उत्पन्नातून कंपनीने हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार भागवायचा, जुन्या कर्जावरचे ६ टक्के व्याज काढून घ्यायचे, आप्पा देसाईंची चौथ आणि काही मराठा पेन्शनरांची पेन्शने द्यायची, वर्षाच्या वर्षाला निजामाला खराखुरा हिशेब दाखवायचा आणि उरेल ते त्याच्या हवाली करायचे. तहात शब्द ‘असाइन’ असा आहे. पण आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या दस्तलेखकाला हा मजकूर वाचून दाखवला असता, तर त्याने मान वर न करता सांगितले असते की हे ताबेगहाण आहे. नजरगहाणात मालमत्ता ऋणकोकडेच राहते आणि सावकाराची तिच्यावर फक्त नजर असते. ताबेगहाणात सावकार घरात राहायला येतो, भाडे खातो, त्यातून व्याज-मुद्दल वळते करतो आणि फिटले की बाहेर पडतो. निदान पडायला हवे.

आता कर्ज झाले कसे, ते पाहू. १८०० च्या तहाप्रमाणे युद्ध झाले तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीला द्यायचे होते, तेही युद्धापुरते. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कायमची पलटण उभी केली, ‘रसेल ब्रिगेड’. हीच पुढे वाढून कंटिंजंट झाली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाचा. खर्च दरसाल तीस-चाळीस लाखांच्या घरात. पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत लढायला कोणी उरले नाही, तरी फौज उरली. खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या टिपणात कबूल केले आहे, की १८०० च्या तहाने निजाम ही फौज पोसायला बांधलेला होता, असे रेसिडेंटने सांगावे अशी सूचना आपण प्रामाणिक माणूस म्हणून देऊ शकत नाही. टिपण आतल्या फायलीत राहिले. निजामाला मागणी तेवढी गेली.

फौजेचा पगार वेळेवर द्यायचा तर रोकड हवी. पेशकार चंदूलाल याने ती सावकारांकडून उचलली. त्यांतली सर्वांत मोठी पेढी रेसिडेन्सीच्या सावलीत होती : विल्यम पामर आणि कंपनी. पामर हा जनरल पामर आणि फैज बक्ष बेगम यांचा मुलगा, निजामाच्या फौजेत काम केलेला, हैदराबादच्या रीतीभातीत मुरलेला माणूस. पेढीत भागीदार असलेल्या सर विल्यम रंबोल्डच्या बायकोला गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने मुलीसारखे वाढवले होते. युरोपीयांनी देशी राजांना कर्ज देण्याला पार्लमेंटच्या कायद्याने मनाई होती. १८१६ मध्ये या पेढीला त्यातून सूट मिळाली. व्याज २४-२५ टक्के. १८२० मध्ये ६० लाखांचे एक मोठे कर्ज ठरले. त्यात पेढीने ८ लाख ‘बोनस’ म्हणून आधीच धरले होते, हे नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने हुडकून काढले. त्यावरून जे वादळ उठले त्याचे कागद १८२४ मध्ये लंडनला जाड पुस्तकरूपाने छापले गेले. कर्जबाजारीपणाचा इतका तपशीलवार पंचनामा हिंदुस्थानात त्याआधी क्वचितच झाला असेल.

त्या वेळी सुटका कशी झाली, ते मुद्दाम सांगायला हवे. उत्तर सरकार हा किनारपट्टीचा मुलूख निजामाने पूर्वी कंपनीला दिला होता, त्याबद्दल कंपनी त्याला दरसाल ७ लाखांची पेशकश देत असे. १८२३ मध्ये ही पेशकश कायमची बंद करून तिच्या बदल्यात कंपनीने १,१६,६६,६६६ रुपये एकरकमी दिले आणि पामरचे देणे भागले. आकडा विचित्र दिसतो, पण हिशेब सरळ आहे. ६ टक्के व्याजाने ७ लाख उत्पन्न द्यायला जेवढे मुद्दल लागेल, तेवढे ते आहे. वार्षिक देण्याऐवजी त्याचे मुद्दल मोजून द्यायचे, हे तत्त्व कंपनीला तेव्हा बिनदिक्कत चालले. वाचकाने ही नोंद जपून ठेवावी. पन्नास वर्षांनी ती लागणार आहे.

वऱ्हाड त्याआधीही एकदा सावकाराकडे लागलेले होते. औरंगाबादेत विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी भावांची पेढी होती. इतकी वजनदार, की औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. त्यांच्या कर्जापोटी वऱ्हाडातल्या महालांचा वसूल त्यांच्या हाती होता. १८४० च्या दशकात निजाम सरकारने ते महाल काढून घेतले आणि पेढी लाखोंच्या दाव्याचे कागद घेऊन वर्षानुवर्षे दाद मागत फिरली. म्हणजे ऋणको जबरदस्त आणि सावकार दुबळा, तर सावकारच रस्त्यावर. पुढच्या सावकाराच्या बाबतीत पारडे उलटे होते.

चंदूलाल १८४३ मध्ये पायउतार झाला. त्याच वर्षी कंपनीने बजावले, की यापुढे फौजेच्या पगारासाठी उचल मागितलीत तर मुलूख तारण द्यावा लागेल. उचल चालूच राहिली आणि तिच्यावर व्याजही चढत राहिले. १८५१ मध्ये डलहौसीने तारणाचा तगादा लावला. त्याचे त्या वेळचे खरमरीत पत्र कुप्रसिद्ध आहे. ब्रिटिश सरकार मनात आणील तर तुमचे नाव-निशाण ठेवणार नाही, असा त्यातला सूर. नासिर-उद-दौला या निजामाने जमेल तशी एक मोठी रक्कम भरली, बाकीसाठी जवाहीर गहाण टाकण्याची धावपळ झाली. घर वाचवायला दागिने मोडणे हा उपाय राजवाड्यातही तोच असतो.

१८५३ च्या वसंतात नवा रेसिडेंट कर्नल जॉन लो मुलूख मागायला उभा राहिला. त्याच्या स्वतःच्याच अहवालांतून त्या भेटींचे चित्र दिसते. निजाम त्याला म्हणाला, की राजाला लाज आणणाऱ्या दोन गोष्टी आहेत : वाडवडिलांचा मुलूख गरज नसताना देऊन टाकणे आणि आपल्यासाठी लढलेल्या सैनिकांना घरी बसवणे. म्हणजे फौज मोडून खर्च कमी करण्याची वाट त्याने अभिमानापोटी बंद केली आणि मुलूख देण्याची वाटही. उरली उधारीची, ती सावकाराने बंद केलेली. मसुद्यात ‘कायमचे’ हा शब्द होता, त्याला निजाम अडला आणि तो गाळला गेला. लोने समजूत घालताना सांगितले, की हवे तर मुलूख काही काळापुरताच, म्हणजे तुम्हाला ही फौज हवी आहे तोवरच, दिला असे धरा. हे तोंडी आश्वासन लोच्या अहवालात आहे, तहात नाही. पुढे हैदराबादच्या प्रत्येक अर्जात ते उगाळले गेले. तहाच्या कागदात ‘कायमचे’ नाही आणि ‘तात्पुरते’ही नाही. मुदत लिहायची जागा कोरीच राहिली.

तहावर सही झाल्यावर आठवडाही उलटला नाही तोच सिराज-उल-मुल्क वारला. महिनाअखेरीस त्याच्या जागी आला त्याचा २४ वर्षांचा पुतण्या तुराब अली खान, म्हणजेच सालारजंग. जन्मभर तो हे गहाण सोडवण्यामागे लागणार होता.

त्याने प्रथम हात घातला तो हिशेबाला. सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांतल्या अबकारीचे उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षे वसूल करत होती. मुलूख निजामाचा, त्यावरची दारूची जकात निजामाची, पण ती जमेला कधी धरलीच नव्हती. ती सुरुवातीपासून धरली, तर चाळीसेक वर्षांत सुमारे तेवढीच रक्कम जमते जेवढे कर्ज दाखवले जात होते. डेव्हिडसनच्या दुसऱ्या पत्रातली कबुली याच हिशेबावर उभी आहे. वही सावकाराच्या हातात असली, की खर्चाची पाने भरतात आणि जमेचे पान चिकटलेले राहते, हे आपल्या खेड्यांतल्या कुळांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

मग आले सत्तावन्न. हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले आणि सालारजंगाने रेसिडेन्सीवरचा हल्ला परतवायला मदत केली. त्याचे बक्षीस डिसेंबर १८६० च्या तहाने मिळाले. हैदराबादी रुपयांत ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परत आले, सुरपूरचे संस्थान वर मिळाले. नळदुर्गला याआधी मेडोज टेलर याने कारभार पाहिला होता, त्याच्या आत्मचरित्रात तिथल्या रस्त्यांचे आणि मोजणीचे जिव्हाळ्याने वर्णन आहे. तो भाग पुन्हा निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत तिकडेच राहिला. सात वर्षांच्या इंग्रजी अमलाची ही आठवण आज धाराशिवात कोणाला असेल असे वाटत नाही.

पण बक्षिसाच्या ताटात एक कलम होते. वऱ्हाड, आता सुमारे ३२ लाखांच्या उत्पन्नाचे, कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून राहील आणि निजाम त्याच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून देईल, मागचा, आताचा आणि पुढचाही. शिल्लक उरली तर मिळेल, पण कारभारावर किती खर्च करायचा ते सर्वस्वी इंग्रज सरकार ठरवील. माझ्या मते वऱ्हाड गेले ते इथे, १८५३ मध्ये नाही. कर्ज फिटले म्हणून ताबेगहाण संपायला हवे होते. उलट कर्जच उरले नाही म्हटल्यावर फेडायलाही काही उरले नाही, आणि हिशेबच नाही तर फिटले हे दाखवायची सोयही उरली नाही. कर्जमाफीच्या कागदावर सही करताना मागच्या पानावर काय लिहिले आहे ते पाहावे, असे सालारजंगाला सांगण्याची गरज नव्हती. त्याला ते दिसत होते. नाही म्हणण्याची ऐपत नव्हती.

वऱ्हाड मात्र त्याच दशकात पालटले. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला. गहाण ठेवलेल्या घरावर मजले चढावेत तसे हे झाले. आता सावकाराला ते सोडवेना.

सालारजंगाने १८७२ मध्ये सोडवणुकीचा बिनतोड प्रस्ताव मांडला. निजाम महबूब अली खान तेव्हा सहा वर्षांचा होता, कारभार सालारजंग आणि अमीर-ए-कबीर यांच्याकडे. प्रस्ताव असा : कंटिंजंटच्या खर्चापुरते व्याज येईल एवढे मुद्दल आम्ही रोख ठेवतो, फौजेचा पगार त्यातून कायमचा भागेल, आमचे वऱ्हाड परत द्या. १८२३ मध्ये कंपनीने ज्या तत्त्वाने पेशकशीचे मुद्दल मोजले, तेच हे तत्त्व, दुसऱ्या टोकाने धरलेले. लॉर्ड नॉर्थब्रुकच्या सरकारचे उत्तर आले, की तहांचा पाया मुलखाच्या तारणाचा आहे, पैशाच्या ठेवीने तो भागत नाही. म्हणजे घेणेकऱ्याने सांगितले, पैसे नकोत, घरच हवे. सालारजंगाने पुन्हा पुन्हा लिहिले. १८७६ मध्ये तो स्वतः लंडनला गेला, वाटेत पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले तरी गेला. लंडनने त्याला नगरीचे सन्माननीय नागरिकत्व दिले, ऑक्सफर्डने पदवी दिली. वऱ्हाडाबद्दल उत्तर मिळाले, की निजाम अज्ञान आहे तोवर हा विषय काढता येणार नाही. फेब्रुवारी १८८४ मध्ये निजामाला अधिकार मिळाले. सालारजंग ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने गेला होता.

सालारजंगाच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी कलकत्त्याच्या त्याच सरकारने एक कायदा केला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. त्याच्या ६० व्या कलमाने गहाण ठेवणाऱ्या प्रत्येकाला पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क दिला. ६२ व्या कलमात ताबेगहाणातले पैसे उत्पन्नातून फिटले की ताबा परत. ६७ व्याने ताबेगहाण घेणाऱ्याला सोडवणुकीचा हक्क बुडवण्याची, म्हणजे ‘फोरक्लोजर’ची, मागणी करायला मज्जाव. ७६ व्याने ताब्यात बसलेल्या सावकाराने स्वच्छ हिशेब ठेवून तो दाखवलाच पाहिजे. हा कायदा लागू असलेल्या मुलखातल्या एखाद्या शेतकऱ्याने चार एकर ताबेगहाण दिली असती तर त्याची बाजू निजामापेक्षा भक्कम ठरली असती. त्याच्यासाठी कोर्ट होते. निजामाच्या प्रकरणात सावकारच न्यायाधीश होता.

आजच्या हैदराबादेत हप्ते थकलेल्या फ्लॅटमालकाची वाट याच कायद्यातून, पण २००२ च्या सरफेसी कायद्याच्या अरुंद दारातून जाते. ९० दिवस थकले की खाते बुडीत, मग ६० दिवसांची नोटीस. त्या मुदतीत हरकत लिहून दिली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे. ताबा घेतला गेला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद. दरम्यान हप्ते फिरवून घेणे, एकरकमी तडजोड करणे किंवा लिलावाआधी स्वतःच गिऱ्हाईक गाठून विकणे, या व्यवहारातल्या वाटा. सोडवणुकीचा हक्क नेमका कधी संपतो, यावर अलीकडे इथलेच उच्च न्यायालय ऋणकोच्या बाजूने झुकले होते : लिलावाची नोटीस निघाली तरी हक्क संपत नाही, असे ‘कन्सर्न रेडिमिक्स’ प्रकरणात म्हटले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेलिर’ निकालात ते अमान्य केले. वर्तमानपत्रात लिलावाची नोटीस छापून आली, की त्या दिवशी हक्क संपला. निदान तारीख तरी ठरली. वऱ्हाडाची ती कधीच लिहिली गेली नव्हती.

ती अखेर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने लिहिली. १९०२ च्या मार्चअखेरीस तो हैदराबादेत आला, निजामाशी एकांतात बोलला आणि वऱ्हाड परत मिळण्याची आशा नाही हे त्याला स्पष्ट सांगितले. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात मुलूख कायमच्या खंडाने इंग्रज सरकारला दिला गेला, दरसाल २५ लाख. मालकी निजामाची, असे पुन्हा एकदा लिहिले. संस्थानाने सरकारकडून घेतलेल्या कर्जांचे हप्ते या खंडातूनच कापले जाऊ लागले. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. निजामाला जी. सी. बी. हा किताब मिळाला, त्या तीन अक्षरांचा ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड दिले’, असा विग्रह करून लोक हसले.

पुढचा निजाम उस्मान अली खान याने ऑक्टोबर १९२३ मध्ये सगळे जुने कागद पुन्हा मांडून वऱ्हाड मागितले आणि पुढे चौकशी आयोग नेमण्याची विनंती केली. व्हाइसरॉय रेडिंगचे उत्तर २७ मार्च १९२६ चे. बरोबरीच्या नात्याने ब्रिटिश सरकारशी वाद घालण्याचा कोणाही संस्थानिकाला अधिकार नाही, आयोगही नाही. ऑक्टोबर १९३६ च्या करारात निजामाची मालकी तिसऱ्यांदा मान्य झाली आणि त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला गेला. कारभार नागपूरहून चालत राहिला. खंड तोच, २५ लाख.